मराठवाड्यात फटाके घेताना आणि उडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदगीरला दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल लावायला लागून मला चौदा वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं भाव विचारायला, पण पैसे देताना दुसरंच विचारतं: "भाऊ, दहानंतर चालतं का? माळ आहे का? बिदरला स्वस्त मिळतात म्हणे, खरं का?" तेच प्रश्न दरवर्षी येतात आणि गर्दीत मला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथं सवडीनं लिहितो. जे कायद्यात आहे ते तसंच सांगतो. जिथं माझं मत आहे तिथं ते माझं मत आहे, असंही सांगतो.

फटाके किती वाजेपर्यंत उडवता येतात?

दिवाळीत रात्री 8 ते 10. सर्वोच्च न्यायालयानं 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात ही वेळ ठरवून दिली. नाताळ आणि नववर्षाच्या रात्री 11.55 ते 12.30 एवढीच मुभा आहे. हा आदेश फक्त दिल्लीपुरता आहे असं अजूनही पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. ते बरोबर नाही. तो सगळ्या देशाला लागू आहे, हे न्यायालयानं नोव्हेंबर 2023 मध्ये पुन्हा बजावलं.

त्याच्याही आधीपासूनचा दुसरा नियम आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत. तो दिवाळी असो की वरात, बारा महिने लागू आहे.

जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त दिवाळीच्या तोंडावर स्वतंत्र आदेश काढतात. त्यात जागेची, प्रकारांची किंवा वेळेची आणखी बंधनं घातलेली असू शकतात. स्थानिक आदेश वरच्या आदेशापेक्षा कडक असू शकतो, सैल नाही. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे घोळ मिटतात.

मग नरक चतुर्दशीच्या पहाटेचं काय? आंघोळीच्या आधी फटाका वाजवायची रीत आहे आमच्याकडं.

माझ्याही घरी आहे. आई उटणं लावायची आणि थोरला भाऊ अंगणात पहिला बॉम्ब लावायचा, साडेचार-पाचला. आमच्या गल्लीत त्या दिवशी पहिला आवाज कुणाचा, यावर चढाओढ असायची.

पण पहाटे पाच ही वेळ 10 ते 6 मध्येच येते, आणि 2018 च्या आदेशातली दिवाळीची वेळ संध्याकाळची आहे. तमिळनाडूत पहाटेची रीत मोठी, म्हणून न्यायालयानं त्या राज्याला दोन तासांची विभागणी करू दिली. तिथं सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी 7 ते 8 अशी वेळ देतात. महाराष्ट्राला तशी विभागणी नाही. त्यामुळं पहाटेचा बॉम्ब नियमात बसत नाही. आम्ही घरी आता पहाटे फक्त पणत्या लावतो आणि चिराटं (कारीट) फोडतो. रीत मोडली असं मला वाटत नाही, कारण चिराटं हीच मूळची रीत आहे.

लक्ष्मीपूजनाला माळ लागतेच. कुठं मिळेल?

माझ्याकडं नाही. एकमेकांना जोडलेले फटाके, म्हणजे माळा आणि लडी, बनवायला, विकायला आणि उडवायला 2018 च्या निकालानंच बंदी केली आहे. यात पन्नास लवंगींची छोटी माळही आली आणि दुकानदार वर्गाची आवडती दहा हजारांची लडही आली. बाजारात माळा दिसतात, हे मला माहीत आहे. दिसतात म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत.

मी माळा ठेवणं बंद केलं त्या वर्षी धंद्याला चांगलाच फटका बसला. लक्ष्मीपूजनाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माळेचंच असतं. शेजारच्या स्टॉलवर रांग आणि माझ्याकडं चारच माणसं, असं दोन दिवाळ्या चाललं. तरी मी परत ठेवल्या नाहीत. माळ रस्त्यावर पसरून लावतात, मधला एखादा फटाका न फुटता बाजूला उडून पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरं तेच वेचत फिरतात. बोटं भाजलेली जेवढी लेकरं मी पाहिली, त्यातली बरीचशी सकाळची होती, रात्रीची नव्हती.

ग्रीन फटाका म्हणजे नेमकं काय? त्याचा आवाज होत नाही का?

आवाज होतो. ग्रीन म्हणजे मुका फटाका नव्हे, आणि धूर होत नाही असंही नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं हे प्रकार विकसित केले आणि 2019 च्या दिवाळीपासून ते बाजारात आले. नेहमीच्या फटाक्यांपेक्षा त्यातून निघणारे धुळीचे कण साधारण 30 टक्क्यांनी कमी असतात. स्वास, स्टार आणि सफल अशी त्यांची तीन नावं आहेत. स्वास फुटताना पाण्याची वाफ सोडतो आणि ती धूळ दाबते. स्टारमध्ये पोटॅशियम नायट्रेट आणि गंधक नसतं. सफलमध्ये अ‍ॅल्युमिनियम कमी असतं.

नावावरून आणखी एक गैरसमज होतो. हिरवा उजेड पडतो म्हणून ग्रीन, असं काही जण समजतात. खरं तर उलट आहे. फटाक्यातला हिरवा रंग बेरियमच्या क्षारांमुळं येतो आणि बेरियमवर न्यायालयाची बंदी आहे.

खरा ग्रीन ओळखायचा कसा?

खोक्यावर नीरीचं हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. कोड छापणं सोपं आहे, म्हणून नुसता दिसला की विश्वास ठेवू नका. फोननं स्कॅन करा आणि समोर आलेलं कंपनीचं व मालाचं नाव खोक्यावरच्या नावाशी जुळतं का ते पाहा. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर तो माल घेऊच नका, मग त्यावर कितीही चिन्हं असोत.

एका वर्षी ठोक व्यापाऱ्यानं माझ्याकडं तीन पेट्या अशाच पाठवल्या. वर चकचकीत चित्र, आत ना नाव ना गाव. परत घ्यायला तो तयार नव्हता. मी त्या विकल्या नाहीत आणि पैसे बुडाले. आता ठोकात माल घेताना प्रत्येक पेटी फोडून बघतो आणि पक्की पावती घेतो. तुम्हीही पावती मागा. पुढं काही बरंवाईट झालं तर माल कुणाचा होता हे सांगायला तेवढाच कागद असतो.

आवाजाची मर्यादा किती?

फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबल. हा नियम 1999 चा आहे. खोक्यावर आवाजाची पातळी छापलेली असते, ती वाचा. शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा-कॉलेज किंवा न्यायालय असेल तर तो शांतता परिसर समजा. तिथं आवाजाचा फटाका कोणत्याही वेळी चालत नाही.

बिदरला, निजामाबादला स्वस्त मिळतात. तिकडून आणले तर?

उदगीर, देगलूर, बिलोली, धर्माबाद, उमरगा या पट्ट्यात हा प्रश्न दर दिवाळीला येतो. सोयरेधायरे सीमेपलीकडं आहेत आणि बाजारही तिकडचाच, त्यामुळं तो येणारच.

स्फोटकांचा कायदा केंद्राचा आहे: 1884 चा अधिनियम आणि 2008 चे नियम. सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही. माळेवरची आणि बेरियमवरची बंदी कर्नाटकात आणि तेलंगणातही तीच आहे. बदलतात ते स्थानिक आदेश: स्टॉल कोणत्या मैदानावर, किती दिवस, कोणत्या भागात मनाई. आणि तुम्हाला लागू होतो तो जिथं उडवता तिथला नियम. जिथं विकत घेतलं तिथला नाही. "बिदरला दुकानात उघड मिळालं" हे सांगून उदगीरच्या पोलीस ठाण्यात सुटका होत नाही.

दिल्लीकडं राहणाऱ्या नातेवाइकांसाठी इथून फटाके न्यायचा विचार तर सोडूनच द्या. तिथले नियम दरवर्षी न्यायालयाच्या आदेशानं बदलत आलेत. 2024 च्या डिसेंबरात वर्षभराची बंदी आली, तर 2025 च्या दिवाळीत ठरावीक दिवशी ठरावीक तासांपुरते ग्रीन फटाके चालू दिले.

रेल्वेनं किंवा एसटीनं आणता येतात का?

नाही. अगदी एक पिशवीसुद्धा नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 प्रमाणं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि नुकसान झालं तर त्याची भरपाईही. बिदरहून उदगीर, लातूर रोड, परळीकडं येणाऱ्या गाड्यांना दिवाळीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या डब्यात वरच्या फळीवर बॉम्बची पिशवी आणि दारात कुणीतरी विडी ओढतंय, एवढं चित्र डोळ्यापुढं आणा. एसटीतही तेच.

मोटारसायकलवर नेणार असाल तर पिशवी टाकीवर ठेवू नका आणि सायलेन्सरजवळ लोंबू देऊ नका. वाटेत सिगारेट नको. पेट्रोल भरायचं असेल तर ते फटाके घेण्याआधी भरा.

शिवकाशीहून ऑनलाइन मागवले तर?

ऑनलाइन विक्रीला 2018 च्या निकालानं बंदी केली आहे. पोस्टानंही स्फोटकं पाठवता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक येतं, सत्तर-ऐंशी टक्के सूट दाखवतात, आधी पैसे मागतात. माझ्या ओळखीच्या दोघांचे पैसे असेच गेले. माल आला नाही आणि नंबरही लागला नाही. बेकायदा मालासाठी पैसे दिलेत म्हटल्यावर तक्रार करतानाही जीभ अडखळते.

तेरखेड्याहून थेट कारखान्यातून आणावेत का?

धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा हे शोभेच्या दारूसाठी अख्ख्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. सोलापूर-धुळे रस्त्यानं जाताना तिथल्या दुकानांच्या पाट्या दिसतातच. परवान्याच्या दुकानातून, नाव छापलेला माल, पावतीसह घेतला तर काहीच अडचण नाही. पण कुणी शेडमधून सुटा, कागदात गुंडाळलेला माल "घरचा आहे, जोरात वाजतो" म्हणून देत असेल तर हात लावू नका. वात किती सेकंद जळेल हे त्यात कुणालाच सांगता येत नाही. या धंद्यात तिथल्या माणसांनी स्फोटांत जीव गमावलेत. त्यांच्या कष्टाचा मान ठेवायचा असेल तर परवान्यानं, सुरक्षिततेनं चालणाऱ्याकडूनच घ्या.

स्टॉल लावायचाय. काय लागतं?

जिल्हाधिकारी कार्यालयाकडून किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून तात्पुरता परवाना. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथं आयुक्तांकडून. सोबत पोलिसांचं आणि अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र, आणि जागेची परवानगी. अर्ज दिवाळीच्या बराच आधी करा.

नियमांचं म्हणाल तर ते कागद भरण्यापुरते नाहीत, हे औरंगाबादनं (तेव्हाचं नाव) भोगलंय. 29 ऑक्टोबर 2016, नरक चतुर्दशीचा दिवस. जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकानं काही वेळात जळून गेली. आजूबाजूच्या गाड्याही गेल्या. माझा एक मित्र त्या वर्षी तिथं स्टॉल लावून होता. गल्ला तसाच टाकून पळाला म्हणून वाचला. आजही तो बोलता बोलता मधेच थांबतो.

2008 चे नियम सांगतात: शेड न पेटणाऱ्या साहित्याचं हवं, म्हणजे कापडी मंडप नाही. दोन शेडमध्ये किमान 3 मीटर अंतर हवं. दुकानं समोरासमोर तोंड करून नकोत. एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त दुकानं नकोत. जवळ उघडी ज्योत नको, कंदील नको. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के हवेत, वायरला लोंबणारे नकोत. दुकानांपासून 50 मीटरच्या आत फटाके उडवून दाखवायचे नाहीत. "एक लावून दाखवा ना भाऊ" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हात जोडतो. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर कृपा करून तसं म्हणू नका, आणि जिथं कापडी मंडपात दाटीवाटीनं दुकानं दिसतील तिथं लेकरांना घेऊन आत जाऊ नका.

गावात, शेतात उडवताना काय बघायचं?

आपल्याकडची दिवाळी येते तेव्हा सोयाबीन काढून त्याची बनीम (रचलेला ढीग) वावरात लावलेली असते. मळणीयंत्राचा नंबर लागायचा असतो. कापूस वेचून घरात, ओसरीत भरलेला असतो. शेजारी कडब्याची गंजी. म्हणजे वर्षाचं सगळं पीक उघड्यावर, कोरडं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात चार एकराची बनीम एका रॉकेटनं पेटली. रॉकेट माझ्या स्टॉलवरून नेलेलं होतं. ज्यानं उडवलं त्याचा हेतू काहीच नव्हता, आकाशात सोडलं आणि वाऱ्यानं वळलं. तेव्हापासून खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, "रास (मळणी) झाली का?" झाली नसेल तर रॉकेट देत नाही. काहींना राग येतो.

रॉकेट उडवायचंच असेल तर जड बाटलीत सरळ उभं करून, वारा नसताना, बनीम-गंजीपासून लांब. घराला पत्र्याऐवजी पाचटाचं छप्पर असेल, तर गल्लीत रॉकेट नकोच. पाण्याची बादली हाताशी हवी आणि ती भरलेली हवी.

रानडुकरं, रोही (नीलगायी) हाकलायला सुतळी बॉम्ब वापरले तर?

शेतकऱ्याची तगमग मला कळते, रात्र रात्र जागून पीक राखणं सोपं नाही. तरीही दहानंतर आवाजाच्या फटाक्याला मनाई आहे, आणि कोरड्या पिकात ठिणगी पडली तर डुकरानं खाल्लं असतं त्याच्या दसपट जातं. पिठाच्या गोळ्यात किंवा फळात स्फोटक भरून ठेवणं हा तर सरळ गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यानंही आणि स्फोटकांच्या कायद्यानंही. ते गोळे गाय-म्हैस खाते, कुत्रं तोंडात धरून घरी आणतं, लेकरू चेंडू समजून उचलतं. पीक नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते, त्यासाठी लगेच अर्ज करा.

पाइपची कार्बाइड गन चालते का?

नाही. प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून ती वाजवतात. वाजली नाही की लेकरू आत डोकावतं, आणि नेमकं तेव्हाच पेट घेते. ऑक्टोबर 2025 मध्ये भोपाळमध्ये आणि मध्य प्रदेशात इतरत्रही अनेक मुलांचे डोळे यानं गेले किंवा अधू झाले. घरात असेल तर आजच मोडून टाका.

लहान लेकरांना काय द्यावं?

पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात काहीच देऊ नका, हे माझं मत. फुलझडी सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. पण तिच्या टोकाची उष्णता हजार अंशांच्या आसपास जाते, आणि विझलेली तार कितीतरी वेळ तापलेली राहते. अंगणात टाकलेल्या तारेवर पाय पडून भाजणं फार होतं. संपलेली तार थेट बादलीत टाका.

नागगोळीला आवाज नाही म्हणून ती आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवाला देतात. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मोजलं तेव्हा धुराचे बारीक कण सगळ्यात जास्त नागगोळीतूनच निघाले. दम्याचा माणूस घरात असेल तर ती आणूच नका.

कपडे सुती. पायात चप्पल नको, बूट. ओढणी आणि नऊवारीचा पदर खोचलेला.

फुटला नाही तर?

जवळ जाऊ नका, वाकून बघू नका, परत वात लावू नका. अर्धा तास थांबा, लांबून पाणी ओता, मग बादलीत बुडवून ठेवा. झाड (भुईनळा) लागलं नाही म्हणून वाकून बघताना माझ्या पुतण्याचा डोळा थोडक्यात वाचला. भुवई गेली, पापण्या गेल्या.

भाजलं तर लगेच काय करायचं?

नळाचं साधं, वाहतं पाणी 20 मिनिटं. बर्फ नाही. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही नाही. घट्ट अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका.

डोळ्यात नुसती पावडर किंवा राख गेली तर स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा. पण काही घुसलं असेल किंवा रक्त येत असेल तर धुवू नका, चोळू नका, दाबू नका. वर कागदी कप उलटा ठेवून चिकटवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या: संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, लातूरला शासकीय. रुग्णवाहिकेला 108, आगीला 101.

गुरं बिथरतात. काय करावं?

संध्याकाळी साडेसातच्या आत गोठ्यात बांधा, दावं आखूड नको पण गाठ पक्की हवी. गोठ्याजवळ कुणी वाजवत असेल तर आधी जाऊन सांगा. कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणं ही गंमत नाही, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

वरात, निवडणुकीची मिरवणूक?

नियम तेच. माळा नाहीत, ग्रीनच, दहानंतर नाही. मैदानावर मोठी आतषबाजी करायची असेल तर वेगळी परवानगी लागते. वरात दवाखान्यासमोरून जात असेल तर तेवढा रस्ता बँडसुद्धा बंद ठेवा.

कुणी ऐकतच नसेल तर? आणि शिक्षा काय होते?

112 वर फोन करा. 2018 च्या निकालात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला अंमलबजावणीसाठी वैयक्तिक जबाबदार धरलंय, हे सांगायला संकोच करू नका. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणानं हाताळल्याबद्दल कलम 288 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना विक्रीला स्फोटक अधिनियम आहेच.

मात्र शेजारी असेल तर फोनच्या आधी एकदा दार वाजवा. "आमच्या घरी बाळंतीण आहे" एवढं सांगितल्यावर थांबणारी माणसं मी जास्त पाहिलीत.

उरलेले फटाके पुढच्या वर्षी चालतात का?

ओल धरलेला फटाका कधी, कसा पेटेल सांगता येत नाही. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत कापसाशेजारी ठेवू नका. चार-दोनच उरले असतील तर रात्रभर बादलीत भिजवा आणि दुसऱ्या दिवशी ओलेच कचऱ्यात द्या. न उघडलेलं खोकं असेल तर दिवाळी संपायच्या आत पावतीसह घेऊन या. मी तरी माझ्या स्टॉलवर ते परत घेतो.